शांतिसेना निघाली तरी रेडिओ बोलता राहावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला ती मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेचं कामच गुंडाळलं. आपल्याकडे चर्चा झाली ती औषधांची आणि धान्याची, आणि ती व्हायलाच हवी. पण युद्धातून सावरणाऱ्या देशांतली स्वतंत्र बातमीदारी आणि लहान नागरी संघटनाही याच पैशावर तगून होत्या. त्याबद्दल माझ्या वाचनात मराठीत काही आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या कामात होतो. महूला शिकलो आणि २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोत, गोमा शहराजवळ होतो. बंडखोरांची चढाई चालू होती. साकेच्या बाजारात आवई उठायची, ‘आज रात्री ते येणार’, आणि अख्खं गाव डोक्यावर गाद्या, पाठीला पोरं घेऊन रस्त्याला लागायचं. आम्ही गाडी घेऊन समजवायला जायचो. पण लोकांचा भरवसा आमच्या निळ्या हेल्मेटपेक्षा रेडिओ ओकापीवर जास्त. आमच्या दुभाष्याच्या कानाशी छोटा ट्रान्झिस्टर असायचाच. लढाई कुठे आहे, कुठला रस्ता खुला आहे, हे स्वाहिलीत ऐकलं की थांबायचं की निघायचं ते माणसं ठरवायची.

ओकापी २५ फेब्रुवारी २००२ ला सुरू झाला. संयुक्त राष्ट्रं आणि स्वित्झर्लंडचं हिरोंडेल फाउंडेशन यांनी तो उभा केला. पैसा बाहेरचा, पण बातमीदार काँगोचे आणि भाषा पाच. त्यांच्यातल्या सर्ज माहेशे यांना जून २००७ मध्ये आणि दिदास नामुजिंबो यांना नोव्हेंबर २००८ मध्ये बुकावूत गोळ्या घालून मारलं. दुसरी बातमी आली तेव्हा मी तिथेच होतो. दुभाष्याला रडताना पाहिलं.

गोमाच्या वेशीवरच रवांडाची हद्द लागते. तिथे १९९४ मध्ये आरटीएलएम रेडिओने तुत्सी जमातीच्या कत्तलीला चिथावणी दिली होती. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना खऱ्या बातमीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पैसा नुसता ओतूनही भागत नाही. बोस्नियात १९९६ च्या निवडणुकीच्या तोंडावर परदेशी देणगीदारांनी घाईघाईने ओबीएन हे टीव्ही जाळं उभं केलं. काही वर्षांनी त्यांनी हात आखडला आणि ते स्वतःच्या पायावर टिकलं नाही.

परका पैसा आला की परकं मतही येतं, असं माझे मित्र म्हणतात. भीती खोटी नाही. आपल्या कायद्याने वृत्तपत्रांना परदेशी देणगी घेता येत नाही आणि मला ते पटतं, कारण इथे जाहिरात आहे, वर्गणी आहे. पण जिथे दुकानंच जळाली, तिथे जाहिरात कोण देणार? मग उरतो तो सत्तेचा नाहीतर बंदूकवाल्याचा पैसा. त्यापेक्षा अनेक देशांनी मिळून, हिशेब उघडा ठेवून, दहा-दहा वर्षं द्यावं; आणि ते नुसत्या प्रशिक्षणासाठी नाही, तर पगार, भाडं, डिझेल, सुटे भाग यांसाठी द्यावं. मी जनरेटरवर सेट चालवले आहेत. डिझेल संपलं की कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर ट्रान्समीटर चालत नाही.

शांतिसेना जून २०२४ मध्ये काँगोच्या दक्षिण किवू प्रांतातून निघाली; बुकावू तिथलंच. जानेवारी २०२५ मध्ये गोमा एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती गेलं. काँगोत आपले जवान कामी आले आहेत, त्यामुळे या विषयात बोलण्याचा भारताला अधिकार आहे. शांतिसेनेच्या अंदाजपत्रकाची चर्चा होईल तेव्हा ओकापीचा खर्च, त्याची फ्रिक्वेन्सी आणि माणसं पुढे कोण सांभाळणार हे आधी लेखी ठरवा, असा आग्रह आपल्या प्रतिनिधींनी धरावा.

– एक निवृत्त सिग्नलमन, सुदामानगर, इंदूर