छापखाना सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा बोर्ड गेम सुचलेला माणूस लातूरचा असो की नांदेडचा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हजार डबे छापायला किती खर्च येईल? मग उसनवारी करून डबे छापले जातात, ते माळ्यावर पडून राहतात आणि 'मुलांना मोबाइलच हवा असतो' म्हणून विषय संपतो. मुलांवर हा अन्याय आहे. खोट बहुतेक वेळा डब्याच्या आतच असते आणि ती छपाईच्या आधी सापडू शकली असती. खेळ रचणाऱ्याचे काम नेमके काय असते, हे नव्याने या वाटेला लागणाऱ्यांना कळावे म्हणून हे पत्र.

पहिला नमुना दोनशे रुपयांच्या आत व्हायला हवा. पत्त्यांचा जुना कॅट आणि पत्ते घालायची प्लास्टिकची पाकिटे घ्यावीत. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ए-फोर कागदावर नऊ चिठ्ठ्या बसतात. पाकिटात पत्त्यासमोर चिठ्ठी सरकवायची. मजकूर बदलला की फक्त चिठ्ठी बदलायची. पट जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलने आखावा, सोंगट्यांना बटणे चालतात, नाण्यांना चिंचोके. नमुना मुद्दाम साधाच ठेवावा. एकदा रंगवून देखणा केला की त्यातली घरे खोडायला हात धजत नाही, आणि हे काम मुख्यतः खोडण्याचेच आहे.

फाशाचे गणित आधी कागदावर करावे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ची बेरीज सहा प्रकारे येते, १२ ची एकाच प्रकारे. म्हणून '१२ पडले तरच सुटका' असा नियम केला तर खेळणारा तिथेच अडकून बसतो. चार कवड्या दोन्ही बाजूंनी सारख्याच पडतात असे धरले, तर १६ पैकी सहा वेळा दोन उताण्या पडतील आणि चारही उताण्या एकदाच. प्रत्यक्षात कवड्या आणि फोडलेले चिंचोके असे समान पडत नाहीत. शंभर दाने टाकून नोंद करावी आणि मगच घरांची संख्या ठरवावी.

खरी कसोटी विषय आणि खेळ यांच्या सांध्यावर लागते. आपल्याकडे शेतीवरचा खेळ हमखास सुचतो, त्यावरूनच सांगतो. समजा पावसाचे २० पत्ते आहेत : ६ चांगले, ८ मध्यम, ६ कोरडे. दर हंगामाला एक पत्ता उलटायचा, तो सगळ्यांना लागू. साधारण दर बारा-तेरा डावांत एकदा पहिले दोन्ही हंगाम कोरडे जातील. मराठवाड्याला हे अनोळखी नाही, पण पटावर त्याचा अर्थ असा की चारही जण दहाव्या मिनिटाला कफल्लक होऊन पुढचा अर्धा तास नुसते पत्ते उलटत बसतील. दुष्काळ काढून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे; तसे केले तर विषयच गेला. दुष्काळात काही तरी ठरवता आले पाहिजे. बियाणे राखून ठेवायचे की विकायचे, सोयाबीन एकटेच घ्यायचे की त्यात तूर आंतरपीक म्हणून पेरायची, शेततळ्यावर आज खर्च करायचा की पुढच्या हंगामात. पत्ता उलटण्याच्या आधी निर्णय घ्यायला लावला की हरलेला माणूसही 'पुन्हा मांडा' म्हणतो. पत्ता आधी आणि निर्णय नंतर असेल, तर तो सोपा हिशेब होतो.

चाचणीची पायरी चुकवू नये. आधी चारही बाजूंनी एकट्याने खेळावे, मग घरच्यांबरोबर, मग अनोळखी लोकांबरोबर. घरच्यांच्या कौतुकावर विसंबू नये, ते माणसाकडे बघून खेळतात. वहीत डाव सुरू आणि बंद झाल्याची वेळ, कोण कितव्या क्रमांकाला बसले होते, कोण जिंकले, कोणी कुठे नियम विचारला आणि कोणाचा हात कधी मोबाइलकडे गेला, हे लिहावे. मोबाइलचा रकाना सर्वांत उपयोगी. चौघांच्या खेळात प्रत्येकाची पाळी ४५ सेकंदांची असेल, तर उरलेल्या तिघांच्या पाळ्या होईतो सव्वादोन मिनिटे रिकामी बसावे लागते. मोबाइल तिथेच बाहेर येतो. तीस डावांत पहिल्या जागेवरचा सात-आठ वेळा जिंकला तर ठीक, चौदा-पंधरा वेळा जिंकला तर जागेचाच फायदा होतो आहे असे समजून मागच्या जागांना एखादे नाणे जास्त द्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

शेवटच्या घरात 'नेमके दान पडले पाहिजे' ही सवय आपण लुडोतून उचलतो. एकच आकडा हवा असेल तर सरासरी सहा पाळ्या लागतात, आणि सहा पाळ्यांनंतरही दर तिघांतला एक बाहेरच असतो. रंगात आलेला डाव इथे मरतो. जास्तीचे दान चालवून घ्यावे.

सर्वांत शेवटची चाचणी मुक्याने करायची. डबा आणि नियमपत्रिका चार अनोळखी लोकांच्या हाती द्यायची आणि बाजूला बसून एक शब्दही बोलायचा नाही. ते चुकीचे खेळू लागले तर दोष नियमपत्रिकेचा. ती एका पानाची असावी. सुरुवातीला मांडणी, मग जिंकायचे कसे, मग पाळीत काय करायचे, आणि अपवाद शेवटी.

एवढे झाल्यावर छापखाना. पटाला २ मिलिमीटरचा पुठ्ठा पुरतो. कागद एकाच बाजूने चिकटवला तर वाळताना पट धनुष्यासारखा वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही कागद लावून तो दिवसभर वजनाखाली ठेवावा. लॅमिनेशन मॅट घ्यावे, चकचकीत पटावर ट्यूबलाइट चमकते आणि घरे दिसत नाहीत. पत्त्यांना ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद, कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग. देवनागरी मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांऐवजी त्यांच्या बाह्यरेषांत) बदलूनच फाइल द्यावी, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात. १ आणि ९ घाईत सारखे दिसतात, ते मोठे छापावेत. लाल-हिरव्या सोंगट्यांना रंगाबरोबर आकारही वेगळा द्यावा. काहींना तो फरक दिसत नाही. पहिली छपाई डिजिटलवर ५० प्रतींची करावी. प्रत महाग पडते, पण चूक स्वस्तात निस्तरते.

कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. पटावरचे चित्र आणि नियमांचे शब्द यांना कॉपीराइट आहे, नावाची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग २८ (खेळ आणि खेळणी) मध्ये होते. म्हणून कल्पना कोणी चोरेल या भीतीने चाचणीच न करणे हे सर्वांत मोठे नुकसान. आणखी एक : १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हा खर्च डब्याची किंमत ठरवण्याआधी धरावा.

वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. मोक्षपटाचे, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपाचे श्रेय परंपरा आपेगावच्या ज्ञानेश्वरांना देते. याच प्रदेशात आज मुलांसाठी मराठी शब्दखेळ रचायला बसले, की पहिल्याच पायरीवर अडते. 'स्क्रॅबल' हा सुट्या अक्षरांतून शब्द जुळवण्याचा इंग्रजी खेळ रचताना आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या हव्यात ते ठरवले. मराठीत प्रश्न अवघड आहे. बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराची वेगळी सोंगटी केली तर चारशेच्या वर जातात, जोडाक्षरे निराळीच. मात्रा सुट्या केल्या तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मांडावी लागते आणि मुले गोंधळतात. काना-मात्रा फुकट दिल्या तर खेळ फार सोपा होतो. यातून वाट काढायला आधी 'ळ', 'ण', 'ष' किती वेळा येतात आणि कोणती जोडाक्षरे रोजची आहेत, हे माहीत हवे.

आपल्या दैनिकाचा मजकूर संगणकावरच असतो. एका महिन्याच्या अंकांतील अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरे यांची मोजदाद करून तो तक्ता आपण रविवारच्या पुरवणीत छापावा, ही विनंती. मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात) असेल तर जाणत्या माणसाला एका दुपारचे काम आहे. सोंगट्या कापायची तयारी आमची आहे.

आपले,
बैठे खेळ रचणारे काही जण, लातूर