फॉर्म १-ए ला तिसरा रकाना हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात दवाखाना बंद करायच्या वेळी एक ट्रकचालक आला. वय पंचेचाळिशीच्या आसपास. हातात फॉर्म १-ए, म्हणजे परवान्यासाठीचा डॉक्टरी दाखला, फोटो आधीच चिकटवलेला. "डॉक्टर, सही तेवढी द्या, लायसन रिन्यूला टाकायचंय." मी दंडाला बीपीचा पट्टा बांधू लागलो तर म्हणाला, "त्याचं काय काम? फॉर्मात कुठं विचारलंय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ट्रक, बस, टँकर चालवणाऱ्याला परवान्यासाठी आणि त्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा जो दाखला लागतो, त्यात रक्तदाबाचा प्रश्नच नाही. नजरेत दोष आहे का, असल्यास चष्म्याने सुधारतो का, लख्ख उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हॉर्नसारखे आवाज ऐकू येतात का, रातांधळेपणा किंवा तीव्र रंगांधळेपणा आहे का, हातापायांत काही व्यंग आहे का, एवढंच त्यात विचारतात. रक्तगट लिहिला तर लिहिला. साखर, झोप, चालू असलेली औषधं यांबद्दल अवाक्षर नाही. फिट येते का, चक्कर येते का, हे अर्जदाराने स्वतः भरायच्या फॉर्म १ मध्ये विचारलंय. तिथे 'होय' लिहिणारा चालक मी आजवर पाहिलेला नाही.

त्या दिवशी त्याचं बीपी १९० वर ११० निघालं. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, फारसा फरक पडला नाही. गोळी चालू होती म्हणे, पण गाडीवर असताना तो ती बंद ठेवायचा. "त्या गोळीनं सारखं लघवीला उतरावं लागतं. भरलेली गाडी कुठं उभी करू?" ही तक्रार खोटी नव्हती. त्याच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. ते बदलून देता आलं असतं, पण तसं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. "गोळी बदलून देतो, पंधरा दिवसांनी या, मग सही करतो," असं मी म्हटल्यावर त्याने फॉर्मची घडी घातली, नमस्कार केला आणि गेला. सही त्याला दुसरीकडे मिळाली असणार.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. दवाखाना नवीन होता तेव्हा एजंट फॉर्मचे गठ्ठे घेऊन यायचे, चालक गाडीवर कुठेतरी लांब. 'मी अर्जदाराची स्वतः तपासणी केली आहे' या छापील ओळीखाली मी सह्या केल्या आहेत. किती, ते मोजले नाहीत. आता माणूस समोर असल्याशिवाय पेन उचलत नाही.

नंबरप्लेटचंच घ्या. माझा दवाखाना बारा फुटांचा. २५ मीटर म्हणजे माझी तेहेतीस-चौतीस पावलं, म्हणून मी चालकाला गल्लीत नेतो आणि लांबच्या गाडीचा नंबर वाचायला सांगतो. एका बसचालकाने तो घडाघडा वाचला आणि परत वळताना डाव्या हाताच्या स्कूटरला धडकला. हसला, "दिसलीच नाही." नेत्रतज्ज्ञांकडे पाठवला, तर काचबिंदू निघाला. काचबिंदू कडेची नजर आधी खातो, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं. म्हणजे या परीक्षेत तो शंभर टक्के पास! आणि परीक्षा दिवसाउजेडी, पण गाड्या धावतात रात्री. मोतीबिंदू सुरू झालेल्याला दिवसा फारसा त्रास नसतो, समोरून हेडलाइट आले की मात्र सगळं पांढरं होतं.

साखरेचं प्रकरण आणखी फसवं. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन वेळेवर पोटात काही गेलं नाही तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. लोकांना वाटतं, प्यायलाय. आणि झोप! जाडजूड मान, रात्री जोरात घोरणं, सिग्नलला उभं असताना डुलकी, अशा माणसाचा झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता दाट असते. रात्रभर झोपूनही त्याची झोप होत नाही. हे ओळखायला सुरुवातीला यंत्र लागत नाही, दोन प्रश्न पुरतात. पण फॉर्मात ते नाहीत.

चालक लपवतात, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. दाखल्याच्या शेवटी माझ्यासमोर दोनच शब्द असतात, पात्र आणि अपात्र. अपात्र लिहिलं की त्याचं पोट बंद. मग बीपी आहे हे तो मला कशाला सांगेल? अमेरिकेत ट्रक-बसचालकांचा वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त २४ महिने चालतो. तपासणीत बीपी मोजतात, लघवीतली साखर पाहतात, आणि बीपी वाढलेलं असेल तर डॉक्टर कमी मुदतीचा दाखला देऊ शकतो. २०१४ पासून तपासणारा डॉक्टरही सरकारी यादीतला लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, धोकादायक माल वाहणाऱ्यांची एकावरून तीन. चालकांचे हेलपाटे वाचले, ते चांगलंच झालं. पण तपासणीही तितकीच लांबली, आणि पंचेचाळीस ते पन्नास या पाच वर्षांत शरीरात काय काय उलथापालथ होते, ते माझ्या केसपेपरांना विचारा.

माझी मागणी मोठी नाही. फॉर्ममध्ये बीपी, साखर, झोप आणि चालू औषधं यांच्या चार ओळी वाढवाव्यात, आणि पात्र-अपात्रच्या शेजारी तिसरा रकाना द्यावा: 'तीन महिन्यांपुरता पात्र, उपचार घेऊन फेरतपासणी'. खर्च गाडीमालकाने सोसावा. फॉर्म बदलता येत नाही असं कुणी सांगू नये. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळावा म्हणून जून २०२० मध्ये याच फॉर्ममध्ये बदल झाला होता.

तोवर मी आपला समासात बीपी आणि शुगरचे आकडे लाल पेनाने लिहितो. परवा एका चालकाने तसा फॉर्म परत आणून माझ्या टेबलावर ठेवला. "आरटीओच्या खिडकीवर म्हणाले, जादा काही लिहिलेलं चालत नाही. कोऱ्यावर सही आणा."

– एक जनरल प्रॅक्टिशनर
(नाव व पत्ता संपादकांकडे)