एका म्यानात दोन तलवारी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारी मुलांच्या पानावर इंग्लंडच्या दंतकथेतल्या किंग आर्थरची गोष्ट आली होती, चित्र पण मस्त होतं, पण त्यात लिहिलंय की आर्थरने दगडातून एक्सकॅलिबर उपसली आणि राजा झाला. अहो, त्या दोन वेगळ्या तलवारी! तुम्ही चक्क एका म्यानात दोन कोंबल्यात.

आर्थरच्या गोष्टी लिहिणाऱ्या मॅलरीचं इंग्रजी पुस्तक कॅक्स्टन या मुद्रकाने १४८५ मध्ये छापलं, त्यात बघा. मानलेल्या भावाची, के ची, तलवार घरी राहिली म्हणून आर्थर आणायला गेला, घरी चिटपाखरू नाही, सगळे लढतीची मजा बघायला गेलेले, मग चर्चच्या आवारात दगडावरच्या ऐरणीत रुतलेली दिसली ती ओढून घेतली, ही उपसेल तो राजा हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. ही तलवार पुढे पेलिनोर राजाशी लढताना मोडली. मग मर्लिन जादूगार आर्थरला तळ्याकाठी नेतो, पाण्यातून हात वर आलेला, त्यात तलवार, ती एक्सकॅलिबर. (मॅलरी स्वतःच एका ठिकाणी पहिलीला एक्सकॅलिबर म्हणून बसलाय, त्यामुळे तुमच्या लेखकाला जास्त बोलत नाही.) त्याच्या कितीतरी आधी, ११३६ च्या सुमारास, जेफ्री नावाच्या लेखकाने आर्थरबद्दल लॅटिनमध्ये लिहिलं तेव्हा एक्सकॅलिबरचं नाव कॅलिबर्नस होतं, अॅव्हलॉन बेटावर घडवलेली, दगडबिगड काही नाही, दगड नंतर, १२०० च्या आसपास, फ्रेंच कवितेत आला. आणि दगडात रुतलेली तलवार बघायचीच असेल तर इटलीत सिएनाजवळ मोंतेसिएपीला आहे, संत गाल्गानोची, तो ११८१ मध्ये वारला. पण त्याची गोष्ट उलटी, लढाया सोडल्या म्हणून त्याने ती क्रॉससारखी दगडात खुपसली म्हणे.

असो. माझी खरी तक्रार एक्सकॅलिबरच्या म्यानाची आहे, त्याचा तुमच्याकडे उल्लेखच नाही! मर्लिन आर्थरला विचारतो, काय जास्त आवडलं, तलवार की म्यान? हा म्हणतो तलवार. मर्लिन म्हणतो अक्कल नाही तुला, हे म्यान अशा दहा तलवारींच्या तोडीचं आहे, कमरेला असेल तोवर कितीही वार बसले तरी रक्त जाणार नाही. मग सावत्र बहीण मॉर्गन एकदा तो झोपलेला असताना येते, तलवार त्याच्या मुठीत घट्ट, काढली तर जागा होणार, म्हणून नुसतं म्यान पळवते, पाठलाग होतोय म्हटल्यावर तळ्यात भिरकावते आणि स्वतःचा, माणसांचा, घोड्यांचा सगळ्यांचा दगड करून टाकते. मुलांना हे आवडलं नसतं? शेवटच्या लढाईत त्याचा शत्रू मॉर्ड्रेड याचा वार आर्थरच्या डोक्यात बसतो तेव्हा एक्सकॅलिबर आहेच की जवळ, म्यान तेवढं नाही.

तर पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती टाका, आणि चित्रकारांना सांगा कमरेला म्यान पण काढा.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे