पाँपेईच्या यक्षीपर्यंत आम्हाला नेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक आहे. पण माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तुमच्या वहीत 'भोकरदन' असं लिहून दाखवलं, तेव्हा त्या शिरोरेघेवरून बोट फिरवत तुम्हीच म्हणाला होतात, "पत्र पाठवलंत तर याच अक्षरांत पाठवा, वाचून दाखवणारं मी कुणीतरी शोधेन." म्हणून मराठीत लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या मराठवाड्यातलं कुणी उद्या नेपल्सला गेलं, तर तिथं कुणाला भेटायचं राहू नये हे त्यांनाही कळावं.

त्या दिवशी घाईत, अर्धं मोबाईलच्या भाषांतरातून सांगितलं होतं, ते आधी नीट सांगते. १९७३ साली अप्पा सातवीत होते. केळणा नदीकाठच्या आमच्या भोकरदनला पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांचं उत्खनन चालू होतं. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट जाऊन खड्ड्याच्या काठावर बसायची. मातीतून मणी निघत, खापरं निघत, बांगड्यांचे तुकडे निघत. हस्तिदंतात कोरलेली कामंही निघाली. त्यांची घडण इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पाँपेई शहराच्या राखेखाली सापडलेल्या यक्षीच्या एका हस्तिदंती मूर्तीशी जुळते, हे अप्पांना पुढे बी.एड.च्या वेळी ग्रंथालयात कळलं. त्यानंतर चौतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला आणि दरवर्षी सातवाहनांचा धडा आला की फळ्यावर दोन टिंबं काढली, एक भोकरदनचं आणि एक पाँपेईचं. मधली रेघ मुलांनी काढायची. मीही त्याच वर्गात बसून ती काढलेली आहे.

ती मूर्ती पाहायला अप्पांना नेपल्सला न्यायचं हे मी पहिल्या नोकरीपासून ठरवलं होतं. ते जमायला अठरा वर्षं लागली आणि तोवर त्यांचे गुडघे गेले होते. आम्ही पोचलो मंगळवारी, आणि मंगळवारी तुमचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं. मी ते आधी पाहायला हवं होतं. अप्पा काही बोलले नाहीत, बंद दारासमोरच्या पायऱ्या तेवढ्या मोजल्या.

बुधवारी आत गेलो. तळमजल्यावर रोमच्या काराकल्ला स्नानगृहांतून आलेली फार्नेझे घराण्याची शिल्पं. गदेवर रेलून उभा असलेला, दहा फुटांहून उंच, थकलेला हर्क्युलिस. अप्पा त्याच्यापुढे बराच वेळ थांबले, मग मागच्या बाजूनं जाऊन त्याच्या हातातली सफरचंदं पाहून आले. वर गेलो, भित्तिचित्रं पाहिली. जळून कोळसा झालेली, तरी कापांच्या खुणा स्पष्ट दिसणारी एक भाकर पाहिली. यक्षी मात्र सापडेना. पाँपेईच्या वस्तूंमध्ये नाही, चांदीच्या भांड्यांमध्ये नाही. मी मोबाईलवरचा फोटो दोघा-तिघांना दाखवला, तेही माझ्यासारखेच पर्यटक निघाले. दीड तास झाल्यावर अप्पा एका बाकावर बसले आणि म्हणाले, "राहू दे बाई. इथं आहे एवढं कळलं, तेवढं पुरे."

तेव्हा तुम्ही आलात. गळ्यात ओळखपत्र, हातात किल्ल्यांचा जुडगा. तुम्ही आधी अप्पांच्या गुडघ्यांकडे पाहिलंत आणि मग माझ्या फोटोकडे. फोटो पाहून किंचित थांबलात. त्या थांबण्याचा अर्थ मला दोन मिनिटांनी कळला.

ती मूर्ती आहे 'गुप्त दालना'त. पाँपेई आणि तसंच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावात सापडलेल्या शृंगारिक वस्तू ज्या खोल्यांत ठेवल्या आहेत त्या. हे दालन कित्येक दशकं कुलपात होतं, १८४९ साली तर त्याचं दार विटांनी बुजवलं होतं, आणि लोकांसाठी ते कायमचं उघडलं २००० साली. ही माहिती मी नंतर वाचली. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की लोखंडी दारापलीकडच्या भिंतींवर जे आहे ते माझ्या वडिलांबरोबर उभं राहून पाहण्यासारखं नाही. घरी टीव्हीवर काही आलं की आम्ही दोघंही पाणी प्यायला उठतो, असं आमचं घर. मी दारातच अडखळले. तुम्ही ते ओळखलंत. अप्पांचा हात धरलात, त्यांना भिंतीकडून न नेता मधून नेलंत, काचेसमोर आणून उभं केलंत आणि स्वतः अशा उभ्या राहिलात की त्यांच्या नजरेसमोर यक्षीखेरीज काही येऊ नये. मग बाहेर जाऊन घडीची खुर्ची घेऊन आलात. ताई, मी आभार मानतेय ते सगळ्यात आधी याच गोष्टीचे. आमच्यात काय अवघड आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

केवढी लहान आहे ती! जेमतेम वीतभर. फळ्यावरच्या त्या टिंबामुळे माझ्या डोक्यात ती फार मोठी होती. पायात पाय अडकवून उभी, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत तशीच वाळ्यांची चळत, कमरेला मेखला, बाकी अंगावर वस्त्र नाही. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. डोक्यातून खाली आरपार भोक. ती मुळात एखाद्या आसनाचा पाय असावी किंवा आरशाची मूठ, असं अभ्यासक मानतात. हस्तिदंत जुन्या तुपासारखा पिवळसर पडलेला. अप्पा खुर्चीवर बसून पुढे वाकले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "तांड्यावरच्या बाया घालतात तशा बांगड्या आहेत हिच्या."

दुसरं वाक्य मी तुम्हाला भाषांतर करून सांगितलं होतं. "हिला इथं का ठेवलंय? ही तर आपल्याकडं देवाच्या दारात उभी असती." सांचीच्या तोरणावर अशा यक्षी खरोखरच उभ्या आहेत, आणि सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावं आहेत. भोगवर्धन म्हणजे आमचं भोकरदन. तुम्ही हे ऐकलंत, यक्षीकडे पाहिलंत आणि म्हणालात, इतकी वर्षं मी इथं आहे, पण ती दारात उभी राहणारी आहे हे मला आज कळलं.

१९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरींना ती पाँपेईच्या एका घरात मिळाली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. तळाशी खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं, अक्षर आहे, त्यावरून ती वायव्येकडच्या वाटेनं गेली असंही एक मत आहे. अप्पांनी हेही तुम्हाला सांगितलं, कारण त्यांनी वर्गातही कधी सोयीचं तेवढंच शिकवलं नाही. पण सांगताना त्यांचा हात काचेवर होता, आणि काचेला हात लावायचा नसतो हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत.

मग नकाशाच्या पाठीमागे तुम्ही आमच्यासाठी यादी केलीत. कुठं उतरायचं, कुठल्या दारातून आत जायचं, पाण्याची बाटली कुठं भरायची. पाँपेईला बहुतेक लोक पोर्ता मरीना दारातून चढ चढून जातात, तुम्ही आम्हाला मुद्दाम अँफिथिएटरच्या बाजूनं आत पाठवलंत आणि गुडघेदुखीवाल्यांना सोसेल अशी सपाट वाट नकाशावर पेनानं काढून दिलीत. त्यामुळे अप्पा व्हिया देल्ल'आब्बोंदांत्सा या हमरस्त्यावर स्वतःच्या पायांनी चालले. यक्षी सापडली ते घर याच रस्त्यावर आहे. 'भारतीय मूर्तीचं घर' हेच त्याचं नाव, हे कळल्यावर अप्पांनी टोपी काढली.

त्या रस्त्याच्या काळ्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी खोल चर पडलेत. अप्पा काठीचं टोक त्या चरात ठेवून म्हणाले, "ही बघ चाकोरी." हा शब्द मी जन्मभर वापरत आले, पण तो दगडात कोरलेला पहिल्यांदाच पाहिला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय, की पैठण आणि तगर, म्हणजे आमचं तेर, इथला माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदराला येतो आणि भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे. तिथून पुढे मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, मग उंटांवरून वाळवंट, नाईल नदी, अलेक्झांड्रिया, आणि शेवटी तुमचा किनारा. एका टोकाला बैलगाडी आणि दुसऱ्या टोकालाही गाडी. तिथून निघेपर्यंत अप्पा फारसं बोलले नाहीत.

हर्क्युलेनियमला अर्धाच दिवस मिळाला. आजच्या गावाच्या पोटात खोल उतरून ते जुनं गाव पाहावं लागतं. ज्वालामुखी फुटला त्या इसवी सन ७९ मधल्या दाराच्या फळ्या, पलंगाची लाकडं अजून जागेवर आहेत, काळीठिक्कर पडलेली. समुद्राकाठच्या कमानींत वाट पाहत बसलेल्या माणसांचे सांगाडे पाहिल्यावर आम्ही फार थांबलो नाही.

यादीच्या शेवटी तुम्ही 'पोत्सुओली' लिहून त्याच्याभोवती गोल काढला होतात आणि पुढे तुमच्या सुट्टीचा वार. सुट्टीचा दिवस, ताई! स्टेशनावर तुम्ही आधीच येऊन उभ्या होतात. रोमनांचं पुतेओली ते हेच. अलेक्झांड्रियाची गलबतं इथं लागत, म्हणून तुम्ही अप्पांना आधी बंदरावर नेलंत आणि पाण्याकडे हात करून म्हणालात, "बहुधा इथूनच ती जमिनीवर उतरली." अप्पा नेहमी म्हणत, यक्षी आपल्या गावातून गेली. तुमच्या बोलण्यात ती आली होती. तेव्हापासून अप्पाही 'गेली' म्हणत नाहीत, 'पोचली' म्हणतात.

तिथला जुना बाजार तुम्ही कठड्यावरून दाखवलात. तीन उंच संगमरवरी खांब, आणि त्यांच्या मधोमध, दोन पुरुष उंचीपासून वर, चाळणीसारखा भोकांचा पट्टा. ती भोकं समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली. म्हणजे हे खांब एवढ्या उंचीपर्यंत पाण्यात बुडले होते आणि मग न पडता पुन्हा वर आले. भूगर्भातल्या घडामोडींमुळे इथली सगळी जमीनच शतकानुशतकं खाली जाते आणि वर येते. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत ती सुमारे १.८ मीटर वर उचलली गेली. अप्पांना हे खरंच वाटेना, तेव्हा तुम्ही त्यांना बंदराचा जुना धक्का दाखवलात, जिथं नावा लावायला पाणीच उरलं नव्हतं.

आणि मग रिओने तेर्रा. समुद्रात घुसलेल्या टेकाडावरची ती जुनी वस्ती. जमीन अशीच उचलली जाऊ लागली म्हणून २ मार्च १९७० ला ती रिकामी केली, तेव्हा तुम्ही पाच वर्षांच्या होतात. आजीनं परातीतलं पीठ तसंच ठेवून दाराला कुलूप लावलं, कारण चार दिवसांत परत यायचं होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी भाषांतर करू शकले नाही. पण अप्पांनी मान हलवली, बहुतेक त्यांना कळलं होतं. तुमची माणसं तिथं राहायला परतली नाहीत. आज त्या घरांखाली रोमन रस्ते आणि दुकानं उकरून काढली आहेत आणि लोक ती पाहायला येतात. खिडक्या मोजत मोजत तुम्ही एकीपाशी थांबलात, "ही आमची." अप्पा म्हणाले, आमच्या पांढरीवर खणत होते तेव्हा मलाही असंच वाटायचं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आपण विचारल्याशिवाय डोकावतोय.

दुपारी धक्क्यावर बसून तुम्ही आणलेला पाव आणि आमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तुम्ही चटणीवर ऑलिव्हचं तेल ओतलंत. अप्पा आता घरी तेच करतात, आईला ते अजिबात पटलेलं नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. स्टेशनावर मी पाकीट पुढे केलं, तुम्ही माझ्या मुठीत ते परत दाबलंत आणि अप्पांना म्हणालात, मी तुमच्या गावी येईन तेव्हा तुम्ही दाखवा. ते अप्पांनी मनावर घेतलंय. ते रोज तुमच्या यादीसारखी एक यादी करतात, आणि तिला नकाशाची मागची बाजूच हवी म्हणून मला जिल्ह्याचा नकाशा आणायला लावला. आतापर्यंत त्यात आहे : भोकरदनची पांढरी आणि लेणी, पैठण, तेरचं संग्रहालय, कार्ल्याच्या चैत्यगृहात यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या ग्रीकांनी, दान दिलेले खांब, आणि कोल्हापूर, कारण तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात तुमच्या समुद्राचा देव सापडलाय. पितळेच्या रंगाचा, हातभरही नसलेला पोसायडन. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. त्याच्यापुढे खुर्ची टाकून तुम्हाला बसवायचं, एवढं अप्पांनी ठरवून ठेवलंय.

डिसेंबर-जानेवारीत या, हुरड्याचे दिवस असतात. विमान मुंबईला उतरेल, तिथून रात्रीच्या रेल्वेनं छत्रपती संभाजीनगर, आणि स्टेशनावर आम्ही दोघं आधीच येऊन उभे असू.

तुमची,
अप्पांची मुलगी