कुंदास पत्र: आमच्या गावचं चर्च

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. साडेतीन पानं नातवाची, आणि सही झाल्यावर समासात बारीक अक्षरात खरा प्रश्न: ‘सासूबाई विचारतायत, तू हल्ली चर्चमध्ये जातेस म्हणे. तिथं चहाबिहा घेतेस का?’ अगं, गुरुवार पेठेत राहून हा प्रश्न! तुझ्या घरापासून चार पावलांवरच्या पंचहौद मिशनात १८९० साली टिळक-रानड्यांच्या पुढ्यात चहा आला, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून येतील अशी व्यवस्था केली, आणि त्या चहापायी दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. तर सासूबाईंना सांग: हो, जाते. चहा घेते, सोबत बिस्किटही घेते. बाटले नाही. खरं तर बाटायचंय का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. मी काय मानते याची चौकशी इथं आजवर एकाही माणसानं केलेली नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं लावायला जमेल का, एवढंच विचारलंय.

आमचं गाव इंग्लंडमधल्या वाँटेजजवळ. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला ते हेच वाँटेज. बाजारचौकात जुन्या काळच्या आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, तो राजा इथलाच. रमाबाई कोण हे मी ज्या दोघातिघांना विचारलं त्यांना ठाऊक नव्हतं. बाप्तिस्मा घेऊनही चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवायची नाही म्हणून इथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून भांडत राहिलेली ती बाई मला इथं आल्यापासून जास्तच आवडायला लागलीय.

मी चर्चमध्ये गेले ती देवासाठी नाही, उजेडासाठी. ह्यांच्या निवृत्तीनंतर इथं आलो तो नोव्हेंबर होता. चार वाजता अंधार. गावात दुकान नाही, पोस्ट कधीच बंद झालेलं, पब आठवड्यातले मोजके दिवस उघडा. माणसं दिसतील अशी उजेडाची खोली एकच, ती चर्चची. दारातून चर्चचं मासिक पडायचं, सगळ्या घरांत पडतं, वर्गणी भरा न भरा. त्यात उपासनेच्या वेळा, प्लंबरची जाहिरात, हरवलेलं मांजर, आणि ‘बुधवारी सूप आणि पाव, सर्वांना आमंत्रण’. सूप शाकाहारी आहे का ते विचारायला गेले आणि अडकले.

इथली रचना तुला समजावून सांगते, कारण मलाही उशिरा कळली. जवळजवळ सगळं इंग्लंड पॅरिशांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, वाटलेलं आहे. तू ज्या पॅरिशच्या हद्दीत राहतेस तिथलं चर्च तुझं, मग तू तिथं पाऊल टाक न टाक. गावकऱ्याला त्या चर्चमध्ये लग्न लावून घ्यायचा हक्क आहे, आणि आवारात जागा शिल्लक असेल तर तिथं पुरून घ्यायचाही. म्हणजे वर्षानुवर्षं न फिरकणाऱ्याच्या शेवटच्या जागेची सोय दर रविवारी येणारी वीसबावीस म्हातारी माणसं करत बसलेली असतात. ती गवत कापतात, पन्हळी साफ करतात, पितळ घासतात.

आणि पैसे? आपल्याला वाटतं, राजाचं चर्च, सरकार देत असेल. मलाही तसंच वाटायचं. पण व्हिकरचा, म्हणजे गावच्या पाद्र्याचा, पगार सरकारकडून येत नाही. पॅरिशनं दरवर्षी आपला वाटा डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या विभागाकडे, भरायचा, शिवाय छप्पर, बॉयलर, विमा स्वतः बघायचं. छपरावर शिसं असतं. चोर रात्री ते सोलून नेतात आणि पुढच्या पावसात वेदी भिजते. वर वटवाघळं. १९८१च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे हाकलता येत नाहीत. शनिवारी वेदीवरच्या कापडावर प्लास्टिक घालायचं, रविवारी सकाळी झटकून काढायचं, हे काम माझ्याकडे आहे. हिंदू बाईला वेदीशेजारी उभं राहून वटवाघळांच्या लेंड्या झटकताना बघून रमाबाई हसल्या असत्या असं मला दर वेळी वाटतं.

व्हिकरबाई चांगल्या आहेत, पण वाटून गेलेल्या. चर्च ऑफ इंग्लंडनं बायकांना १९९४पासून पुरोहित केलं, म्हणून ह्या आहेत. आता सहा गावांना मिळून त्या एकट्या. आमच्याकडे महिन्यातून दोन रविवार येतात, तिसऱ्या रविवारी सकाळी आठला १६६२च्या प्रार्थनापुस्तकातली जुनी उपासना असते. तिला पाचसहा जण, गाणं नाही, थंडी मात्र भरपूर. ते जुनं इंग्रजी मला सकाळच्या वेळी कानाला बरं वाटतं. कधीमधी अर्थही लागतो. व्हिकरांचा जुना मोठा बंगला मात्र केव्हाच विकला गेला. तिथं कुणी लंडनचे गृहस्थ राहतात, फाटकावर ‘जुनी व्हिकरेज’ अशी पाटी लावून.

भांडणं नाहीत असं समजू नकोस. सध्याचं भांडण संडासाचं. शेकडो वर्षांच्या त्या इमारतीत संडास नाही, म्हणजे ऐंशीच्या माणसांनी तासभर बसायचं आणि मग घाईनं घरी. मागचे तीन बाक काढले तर संडास आणि चहाचं छोटं स्वयंपाकघर बसतं. सोपं वाटतं ना? बाक व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. त्यांना हात लावायचा तर डायोसिसच्या स्वतंत्र न्यायालयाची परवानगी लागते, त्याला न्यायाधीश आहे, हरकतींची मुदत आहे, जुन्या इमारतींची काळजी वाहणाऱ्या संस्थांना विचारावं लागतं. ते सगळं होईल तेव्हा होईल. त्याआधी गावातच दोन तट. एका आजोबांचं म्हणणं, माझे आईवडील ह्याच बाकावर बसायचे. दुसऱ्या आजींचं म्हणणं, तुमच्या आईवडिलांनाही संडास हवाच होता. दोघं एकाच फुलांच्या यादीत आहेत आणि एकमेकांना नोटिसबोर्डावरच्या चिठ्ठ्यांतून उत्तरं देतात, अत्यंत सभ्य भाषेत. आपल्याकडे आवाज चढतो आणि संपतं. इथं आवाज चढतच नाही, म्हणून संपत नाही. मी संडासाच्या बाजूची आहे, उघडपणे.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायचीच आहे. इथं दर वसंतात गावकऱ्यांची सभा होते, तिथं दोन चर्चवॉर्डन निवडतात. किल्ल्या, छप्पर, हिशेब, पाहुणे, सगळं त्यांच्या गळ्यात. मी मागं खुर्चीवर गप्प बसणार होते. तर व्हिकरबाई म्हणाल्या, पुढं या, तुम्हाला मत आहे. मला वाटलं, सौजन्यानं म्हणतायत. पण तसं नाही. ह्या सभेत चर्चच्या सभासदांबरोबर गावच्या सरकारी मतदारयादीत नाव असलेल्या कुणालाही मत देता येतं, मग त्याचा धर्म कुठलाही असो. आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकाला इथं मतदार होता येतं, म्हणून माझा भारतीय पासपोर्ट आड येत नाही. निवडणुकीला उभं राहायला मात्र बाप्तिस्मा लागतो. तेव्हा काम गळ्यात न पडता मत द्यायचा हक्क, ही माझ्या स्वभावाला साजेशी सोय आहे.

तर सभा भरली. आमचे थोरले वॉर्डन ऐंशीच्या पुढचे, गुडघे गेलेले. गेल्या वर्षीच ‘हे शेवटचं’ म्हणाले होते. व्हिकरबाईंनी विचारलं, कोण उभं राहतंय? कुणी बोललं नाही. बॉयलरचा आवाज येत होता. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते, आणि त्यात नाताळच्या रात्री पहिल्या रांगेत बसायला येणारी तीन धडधाकट जोडपीही होती. शेवटी म्हातारबाबाच म्हणाले, ‘बरं, एक वर्ष अजून.’ लगेच टाळ्या. मीही हात वर केला, पण मला राग आला होता, कुंदा. त्या टाळ्या आभाराच्या नव्हत्या, सुटलो एकदाचे अशा होत्या. गावाला चर्च हवं असतं, लग्नाच्या फोटोत ते सुंदर दिसतं, अकरा नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं तिथं वाचली जावीत असंही वाटतं. किल्ली फक्त दुसऱ्याच्या खिशात हवी असते.

आता आनंदाचं. मी घंटा वाजवायला शिकतेय! मंगळवारी रात्री सराव. इथल्या घंटा देवळातल्यासारख्या टोला मारून वाजवत नाहीत. घंटा चाकाला बांधलेली असते, तोंड वर करून उभी ठेवायची, दोरी ओढली की पूर्ण फिरून परत उभी. दोरीला लोकरीची जाड, पट्ट्यापट्ट्यांची मूठ विणलेली असते. एवढं धूड आपल्या मर्जीनं झटपट वाजत नाही, त्यामुळे गाण्याची चाल निघत नाही. मग ही माणसं क्रमच बदलत राहतात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात. सात घंटांचे ५०४०, ते एकही न चुकता, एकही पुन्हा न येता वाजवायचे म्हणजे तीन तासांचं काम. आमच्यातला एक निवृत्त गणिताचा मास्तर पक्का नास्तिक आहे. रविवारी घंटा वाजवून उपासना सुरू व्हायच्या आत मनोऱ्याच्या दारानं घरी जातो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तुमच्या पंचहौदच्या मनोऱ्यातही इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. नाताळात वाजल्या तर जरा कान देऊन ऐक आणि मला कळव, कशा वाजवतात ते. इथं मास्तरांना फार उत्सुकता आहे.

सणांचं थोडक्यात: ईस्टरच्या आधी उपवासाच्या चाळीस दिवसांत फुलं नाहीत, त्यामुळे आम्हाला सुट्टी. त्याच काळातल्या आईच्या रविवारी मुलं सगळ्या बायकांना डॅफोडिलची फुलं देतात, त्या बायकांना मुलं असोत नसोत. मला मिळाली तेव्हा मी रडले, ते सांगणार नव्हते. सुगीच्या रविवारी पूर्वी गव्हाच्या पेंढ्या यायच्या, आता बहुतेक डबाबंद बीन्स आणि पास्ता, कारण ते सगळं वाँटेजच्या गरजूंसाठी जातं. मी तूरडाळ ठेवली होती. तिचं काय करायचं म्हणून चिठ्ठी लिहून चिकटवावी लागली.

आता माझं काम. पुढल्या महिन्यात छपरासाठी चर्चच्या आवारात जत्रा आहे. केक विकणाऱ्या बायका डझनभर आहेत, म्हणून मी चिवडा कबूल करून बसले. तुझ्या पातळ पोह्यांच्या चिवड्याचं नेमकं प्रमाण हवंय, किलोच्या हिशेबानं, आणि पोहे आक्रसू नयेत म्हणून तू भाजायच्या आधी काय करतेस तेही. तिखट निम्मं करीन. व्हॉट्सअॅपवर पाठवलंस तरी चालेल, पण नातवाबद्दल पुढचं पत्र कागदावरच लिही. सासूबाईंना माझा नमस्कार.

तुझी,
सुमा