राणी नव्हे हो, डचेस

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत लाटव्हियातल्या रुंदाले राजवाड्यावरचा लेख वाचला, फोटो झक्कास आहेत पण ड्यूकच्या बायकोला सरसकट 'राणी' करून टाकलंय आणि भिंतीत तो मोठ्ठा शिंपल्याच्या आकाराचा कोनाडा आहे ना, त्या तिच्या खोलीला 'राणीमहाल', म्हणून राहवेना. रुंदाले तेव्हा ज्या कुरलँड संस्थानात होतं तिथे होता ड्यूक, तोही पोलंडच्या राजाचा मांडलिक, मग राणी आली कुठून?

माझी भाची रिगात मेडिकलला आहे, गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा रुंदाले बघितलं आणि तिनेच डचेससाठीचा लाटव्हियन शब्द सांगितला, हेर्त्सोगिएने. ड्यूक म्हणजे हेर्त्सोग्स, त्याची बायको हेर्त्सोगिएने. काउंट ग्राफ्स, तर काउंटेस ग्राफिएने. राणीला वेगळा शब्द आहे, कारालिएने. मला लगेच आपली पाटलीणबाई आठवली, मास्तरीणबाई आठवली, नवऱ्याच्या हुद्द्याला शेपूट जोडलं की झालं काम. बॅरनीणबाईंचं मात्र बारोनिएने होत नाही, बारोनेसे होतं, का ते विचारू नका. हेर्त्सोग, ग्राफ हे मुळात जर्मन शब्द, कारण तिथले जमीनदारच जर्मन आणि लाटव्हियन माणसं त्यांच्या शेतात राबणारी. ही माणसं स्वतः मालकिणीला म्हणायची लिएलमाते, शब्दशः मोठी आई, म्हणजे जवळजवळ आपलं आईसाहेबच की.

आता गंमत ऐका. जवळच मेझोत्नेला आणखी एक राजवाडा आहे, तो जिच्यासाठी बांधला ती शार्लोट फॉन लिव्हेन, रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या नातवंडांना सांभाळायला ठेवलेली विधवा बाई. 1799 मध्ये तिला काउंटेस केलं, 1826 मध्ये प्रिन्सेस. नवरा केव्हाच गेलेला, किताब बाईंनी स्वतः कमावलेला, तरी भाषेत ती ग्राफिएनेच, शेपूट काही सुटलं नाही! आपल्याकडेही बाई स्वतः डॉक्टर असली तरी डॉक्टरीणबाई म्हणणारे आहेतच, त्यामुळे हसायची सोय नाही.

लेखाच्या शेवटी पुढचा भाग मेझोत्नेवर असं छापलंय. तेवढी शार्लोटबाईंची राणी करू नका, काउंटेस म्हटलं तरी वाचकांना कळतं.

आपला,
एक जुना वाचक, सातारा