नऊ पाल्यांची भाजी

न्यू ऑर्लिन्स
दि. १८ एप्रिल २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते, आणि परवा व्हिडिओत मी बारीक दिसले ते केवळ खिडकीतल्या उजेडामुळे. कामाचे तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. आठवड्यातून दोनदा बोलणे होत असताना पत्र कशाला, असे आई म्हणेल. बाबांनी गेल्या रविवारी आपल्या खाणावळीच्या गाळ्याच्या गिऱ्हाइकाविषयी विचारले, तेव्हा 'नेटवर्क जातंय' असे म्हणून मी फोन ठेवला. नेटवर्क गेले नव्हते.

काल इथल्या ट्रेमे भागातल्या 'डूकी चेस' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेले होते. बरोबर प्रयोगशाळेतला एक सहकारी होता. त्याचे घराणे कित्येक पिढ्या याच शहरातले, त्यामुळे जेवणापेक्षा गोष्टीच अधिक वाढल्या गेल्या. हे दुकान आपल्या सासूसासऱ्यांकडून घेऊन साठसत्तर वर्षे चालवणाऱ्या लिया चेस या बाईंविषयी मला तुम्हाला सांगायचे आहे. त्या जून २०१९ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी वारल्या. मी इथे आले जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे माझी गाठ सात महिन्यांनी चुकली.

सासऱ्यांनी १९४१ मध्ये लॉटरीची तिकिटे आणि पावातले सँडविच विकत हे दुकान सुरू केले. लियाबाई तलावापलीकडच्या मॅडिसनव्हिल या छोट्या गावच्या. गावात काळ्या मुलींसाठी कॅथलिक हायस्कूल नव्हते म्हणून त्या शिकायला शहरात आल्या, पुढे एका गोऱ्यांच्या रेस्टॉरंटमध्ये वाढपी झाल्या आणि तिथेच त्यांनी टेबलक्लॉथ, काटेचमचे, मेन्यूकार्ड असा थाट प्रथम पाहिला. १९४६ मध्ये लग्न होऊन चेस यांच्या घरात आल्यावर तोच थाट सासरच्या दुकानात आणायचा म्हणून त्यांनी लॉबस्टरचा एक उंची, साईच्या रश्श्यातला पदार्थ ठेवला, आणि गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बाबा, आपण दादाच्या आग्रहावरून बोर्डावर पनीर टिक्का लिहिला होता आणि एसटीच्या मेंबरांनी तिसऱ्याच दिवशी कुळथाचे पिठले कुठे गेले म्हणून विचारले होते, ते मला काल आठवले. लियाबाईंनीही मुकाट्याने आपल्या माणसांचे जेवण परत आणले, फक्त टेबलक्लॉथ तसेच ठेवले.

त्या काळी काळ्यांच्या वस्तीत त्यांची बँक नव्हती. शुक्रवारी पगार झाला की लोक चेक वटवायला डूकी चेसमध्ये येत. या सहकाऱ्याचे आजोबा गोदीत कामाला होते. चेक देऊन रोकड घ्यायची, त्यातून एक सँडविच खायचे आणि घरी जायचे, असा त्यांचा नेम होता म्हणे. ऐकताना मला आपल्या गल्ल्याखालची उधारीची लाल वही दिसत होती. आणि माडीवरची खोली! काळ्यागोऱ्यांनी एकत्र बसून जेवणे हाच गुन्हा असण्याच्या दिवसांत वर दोघांच्याही बैठका चालत, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखी माणसे येत, आणि लियाबाई खालून तळलेले कोंबडे आणि गम्बो नावाचा इथला दाट रस्सा पाठवत. पोलिसांना सगळे ठाऊक होते, पण या दुकानावर छापा घातला तर अख्खी वस्ती रस्त्यावर येईल, हेही ठाऊक होते. स्वभाव कडकच असावा. २००८ मध्ये बराक ओबामा निवडणुकीच्या निमित्ताने आले आणि त्यांनी चव घेण्याआधीच गम्बोत तिखट सॉस ओतला, तेव्हा बाईंनी त्यांना तिथल्या तिथे सुनावले. बाबा, आमटी तोंडात घालण्याआधी मीठ मागणाऱ्या बँकेच्या साहेबांना तुम्ही काय म्हणाला होता, ते मी या सहकाऱ्याला भाषांतर करून सांगितले. तो बराच वेळ हसत होता.

आता कालचाच दिवस का, ते सांगते, कारण हे मला पाच वर्षांत नीट कळलेले नाही. आज गुड फ्रायडे, म्हणून उपासाआधीच्या गुरुवारी हे रेस्टॉरंट 'गम्बो झेर्ब' म्हणजे पाल्यांचे गम्बो करते, आणि त्यासाठी लोक फार आधीपासून जागा धरून ठेवतात. मोहरीचा पाला, सलगमचा पाला, बिटाचा, गाजराचा (जो आपण गाईला घालतो), पालक, कोबी, सॅलडची पाने असे सगळे उकडून, वाटून, तेलात परतलेल्या पिठावर घालून शिजवतात. दिसायला थेट आपले अळूचे फदफदे. मात्र पाल्यांची संख्या विषमच हवी, आणि या घरची रीत नऊची. जितके पाले, तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात अशी समजूत आहे. मी विचारले, मग दहा घातले तर दहा मित्र मिळतील, ते अधिक चांगले नाही का? तर म्हणे नाही, सम संख्या अशुभ. बरे, कोबी हा पाला कसा, तो तर गड्डा? तर म्हणे कोबी धरतात. कांद्याची पात धरायची की नाही यावर शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या बायकांचे आपसांत जुंपले, आणि शेवटी त्यांनी माझ्या वाटीकडे बोट दाखवून मलाच निवाडा करायला सांगितला. मी त्यांना ऋषिपंचमीची भाजी, तिच्यातला अळू, माठ, पडवळ, सुरण, आणि बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही हा नियम सांगितला. बैलाचा नियम त्यांना विषम संख्येपेक्षा फारच विचित्र वाटला. या गम्बोत मांसही असते. कोणते, असे आई विचारणार, म्हणून आधीच सांगते की त्या प्रश्नाचे उत्तर मी पत्रात देणार नाही.

वादळांची काळजी करू नका. हंगाम जूनमध्ये सुरू होतो, माझे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सूचना वेळेवर मिळतात. रात्री मी एकटी बाहेर पडत नाही, हे मी पूर्वीही सांगितले आहे आणि ते बव्हंशी खरे आहे.

पण पुराविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००५ मध्ये २६ जुलैला वाशिष्ठी आपल्या बाजारपेठेत शिरली, आणि त्यानंतर महिनाभराने, २९ ऑगस्टला, कतरीना वादळात इथले बांध फुटून जवळजवळ ऐंशी टक्के शहर बुडाले. लियाबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. नातवाने भिंतींवरची चित्रे हलवली म्हणून ती तरी वाचली. बाकी सगळे पाण्यात. दुकानासमोर सरकारने दिलेल्या ट्रेलरमध्ये त्या आणि त्यांचे यजमान वर्षभराहून अधिक काळ राहिले. शहरातल्या रेस्टॉरंटवाल्यांनी पुढच्या वर्षी याच गुरुवारी जेवण ठेवून त्यांच्यासाठी ४०,००० डॉलर उभे केले, आणि २००७ मध्ये दुकान पुन्हा उघडले. नव्वदी उलटल्यावरही त्या स्वयंपाकघरात येत. काल सगळे याचे कौतुक करत होते आणि मीही मान डोलावत होते, पण माझ्या डोळ्यांपुढे आईचे गुडघे होते.

२२ जुलै २०२१ ला आपल्याकडे पुन्हा पाणी आले, तेव्हा दादा पुण्याहून दोन दिवसांनी पोहोचला आणि मी पोहोचलेच नाही. आले असते तर त्या वेळच्या निर्बंधांमुळे परत येता आले नसते, हे मी सांगितले होते आणि ते खरेच होते. मी पैसे पाठवले. तुम्ही फोटो पाठवलात: तांदळाची फुगलेली पोती, आडवा पडलेला फ्रीज, आणि दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेली वहीची पाने. त्या पानांकडे पाहून मी पटकन 'छान, वाचली' असे लिहिले होते. तुम्ही दोन महिन्यांत चूल पुन्हा पेटवलीत, ती आमच्यासाठी असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत, पण मला तसेच वाटत आले आहे.

इथे नातू स्वयंपाक शिकून परत आला, मुलगी दुकान पाहते, म्हणून डूकी चेस उभे आहे. आपल्याकडे दादा येणार नाही, आणि मीही येणार नाही. हे वाक्य मी पाच वर्षे लिहिलेले नव्हते. म्हणून बाबा, रविवारच्या प्रश्नाचे उत्तर असे की गिऱ्हाईक भाव बरा देत असेल तर गाळा द्या. माझ्यासाठी म्हणून ठेवू नका. लाल वही मात्र त्याला देऊ नका, ती मला हवी आहे.

खात्यावर दीड लाख पाठवले आहेत. ते आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आहेत, दादाच्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी नाहीत, आणि छपराच्या पत्र्यांसाठी तर मुळीच नाहीत. दापोलीच्या स्थळाला माझा नकार कळवा. मुलगा चांगला आहे, दोष त्याचा नाही. तिकडे कोणी आहे का, असे मावशीने विचारले होते. आहे. काल टेबलापलीकडे बसला होता तोच. बाकीचे फोनवर सांगेन, नेटवर्क जाऊ देणार नाही, पण तोवर मावशीला काही बोलू नका.

गणपतीला येणे यंदाही जमत नाही. रजा मागितली होती, असे लिहिणार होते. मागितलेली नाही, कारण तेवढ्यात आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली तर ती रजा तेव्हाच लागेल. आई, ऋषिपंचमीला भाजी चिरायला बसशील तेव्हा या खेपेस किती प्रकार पडतात ते मोजून कळव. सम भरले, तर एक वाढव.

तुमची,
मंजू